कापसावरची ड्युटी माफ, म्हणजे नेमकी कोणाला? सरकारी अधिसूचना मोबाइलवर वाचायला शिका



१९ ऑगस्ट २०२५ ची गोष्ट आहे. संध्याकाळी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला: ‘मोठी बातमी! कापसावरील ११ टक्के कर माफ!’ खाली पांढऱ्याशुभ्र कापसाचा फोटो आणि तीन फटाके. दहा मिनिटांत पन्नास अंगठे पडले. त्यात एक माझाही होता.

घरी गेलो तर बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “कारे, कापसाचा कर माफ झाला म्हणते. मंग यंदा भाव वाढन ना?”

मी म्हटलं, “वाढन बाबा.”

मी वरोऱ्याला मोबाइलच्या दुकानात काम करतो. गाव तालुक्यातच आहे, घरी चार एकर वावर आहे आणि त्यात पऱ्हाटी. रात्री जेवण झाल्यावर सहज म्हणून ती मूळ अधिसूचना मोबाइलवर शोधली. दीड-दोन पानांची पीडीएफ होती. वाचली, आणि माझा अंगठा चुकला हे कळलं. हा कर कास्तकाराला माफ झालाच नव्हता. परदेशातून जो कापूस आपल्या बंदरात उतरतो, त्यावरची आयात ड्युटी माफ झाली होती. बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी दिलं त्याच्या उलट होतं.

म्हणून हा लेख. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम कसे बदलतात, ते वरोऱ्याच्या बाजारापर्यंत कसे पोहोचतात आणि हातातल्या फोनवर ते वेळेत कसे वाचायचे, हे सांगतो. सगळी माहिती नोव्हेंबर २०२५ च्या मध्यापर्यंतची आहे.

आधी थोडक्यात

- परदेशी कापसावर एकूण ११ टक्के आयात ड्युटी होती. ती १९ ऑगस्ट २०२५ पासून शून्य झाली.
- सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंतच होती. २८ ऑगस्टला ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली.
- २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल होता.
- हमीभावाने सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, आणि सातबाऱ्यावर कापसाची नोंद लागते.

आता एकेक पाहू.

बाहेरून येतो तो कापूस नेमका कोणता?

आपण वावरातून वेचून आणतो त्याला कापूस म्हणतो. त्यात सरकी असते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि उरते ती रुई. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी.

जगात विकली-घेतली जाते ती रुई. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतले देश इथून येतात त्या रुईच्या गाठी. कस्टम खात्याच्या कागदावर ‘कापूस’ लिहिलेलं असतं ते याच रुईबद्दल, आणि तिला एक नंबर असतो: ५२०१. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागेल. जगातल्या बहुतेक देशांत प्रत्येक वस्तूला असा नंबर आहे आणि पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात. त्याला एचएस कोड म्हणतात. मोबाइल असो की मिरची, बंदरावर तो माल याच नंबरने ओळखला जातो.

ही ११ टक्के ड्युटी आली कुठून?

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ती लागली. त्याआधी बाहेरच्या रुईवर ड्युटी नव्हती. अकराचा हिशोब असा, समजा १०० रुपयांची रुई बंदरात आली:

- मूळ कस्टम ड्युटी ५ टक्के: ५ रुपये
- कृषी पायाभूत सुविधा आणि विकास अधिभार ५ टक्के: ५ रुपये
- या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार: १ रुपया

झाले ११ रुपये. नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या रुईला यातून सूट मिळाली. आपल्याकडे तसा कापूस फार कमी होतो, त्यामुळे आपल्या बाजारात त्याची फारशी चर्चा झाली नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही ड्युटी काढायला संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम २५ केंद्र सरकारला अधिकार देतं, की जनहितासाठी गरज वाटली तर राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या मालावरची ड्युटी पूर्ण किंवा अर्धवट माफ करता येते. म्हणजे संध्याकाळी अधिसूचना निघते आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर दर बदललेला असतो. म्हणूनच अधिसूचना वाचता येणं कामाचं आहे. बातमी आपल्यापर्यंत येईस्तोवर नियम लागू झालेला असतो.

ऑगस्टमध्ये काय झालं? तारखा लावून पाहा

याची सुरुवात दिल्लीत नाही, वॉशिंग्टनमध्ये झाली. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी जवळपास सगळ्या देशांच्या मालावर वाढीव आयातशुल्क जाहीर केलं. त्यासाठी त्यांनी १९७७ चा एक आणीबाणीचा आर्थिक कायदा वापरला. पुढचा क्रम असा:

- ७ ऑगस्ट: भारतीय मालावर अमेरिकेत २५ टक्के जादा शुल्क लागू.
- १८ ऑगस्ट: आपल्या अर्थ मंत्रालयाची अधिसूचना क्रमांक ३५/२०२५-कस्टम्स. बाहेरच्या रुईवरची ड्युटी १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर माफ.
- २७ ऑगस्ट: रशियाकडून तेल घेतल्याच्या कारणावरून आणखी २५ टक्के. एकूण ५० टक्के.
- २८ ऑगस्ट: रुईवरची माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

कारण समजायला सोपं आहे. आपले तयार कपडे, टॉवेल, चादरी यांचं अमेरिका हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथे ५० टक्के शुल्क लागल्यावर आपला शर्ट महाग पडतो आणि ऑर्डर दुसऱ्या देशाकडे जाते. कापड कारखानदारांची जुनी मागणी होती की निदान रुई तरी आम्हाला जगाच्या भावात मिळू द्या. ती मान्य झाली.

पण या चार तारखांमधली शेवटची पुन्हा एकदा वाचा. पहिली माफी ३० सप्टेंबरला संपत होती. आपल्याकडे सीतादही करून पहिला वेचा सुरू होतो तो साधारण ऑक्टोबरात. म्हणजे पहिल्या अधिसूचनेत आपला नवा कापूस बाजारात येण्याआधी दार बंद होणार होतं. दुसऱ्या अधिसूचनेने ते दार ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असं उघडं राहिलं, आणि नेमका याच तीन महिन्यांत कास्तकाराचा कापूस घरातून बाहेर पडतो. चुकारे करायचे असतात, रब्बीचं बी-खत घ्यायचं असतं, थांबायला जागा नसते.

गंमत म्हणजे आमच्या ग्रुपवर पहिल्या अधिसूचनेचा मेसेज शंभर वेळा फिरला. दुसरीचा एकदाही नाही. ती फक्त तारीख बदलणारी होती, म्हणून कोणाला बातमी वाटली नाही.

अशी माफी पहिल्यांदा मिळाली असं नाही. १४ एप्रिल २०२२ पासून ३० सप्टेंबरपर्यंत ती दिली होती आणि नंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवली होती. पण तेव्हा एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांचा कापूस विकून झाला होता आणि भाव दहा हजारांच्या वर गेले होते. नियम तोच, पण तारीख वेगळी होती, म्हणून तेव्हा गावात कोणी दखल घेतली नाही.

एका क्विंटलमागे किती फरक पडतो?

हा हिशोब मी दुकानाच्या काउंटरवर बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केला. तुम्हीही करून पाहा. आकडा समजण्यापुरता धरलेला आहे, रोजचा भाव नाही.

समजा, बाहेरची रुई भारताच्या बंदरात १५० रुपये किलोने पोहोचली.

- ड्युटी असती तर: १५० वर ११ टक्के म्हणजे १६ रुपये ५० पैसे. गिरणीला पडली १६६ रुपये ५० पैशांना.
- ड्युटी नसताना: १५० रुपयांनाच.

आता एका क्विंटल कापसातून ३४ किलो रुई धरा. ३४ गुणिले १६.५० म्हणजे ५६१ रुपये.

याचा अर्थ काय? गिरणीवाला घरच्या रुईला किती देणार, याची एक वरची मर्यादा असते: बाहेरची रुई त्याला जेवढ्याला पडते तेवढी. त्यापेक्षा जास्त तो देत नाही, कारण मग तो बाहेरचीच घेईल. ड्युटी गेली की ही मर्यादा क्विंटलमागे साडेपाचशेच्या आसपास खाली येते. प्रत्यक्ष भाव तेवढाच पडेल असं नाही. सरकीचा भाव, डॉलरचा दर, रुईची प्रत, पीक किती आलं, हे सगळं त्यात असतं. पण वरचं झाकण खाली येतं, हे पक्कं.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता. २०२५-२६ साठी तो ८,११० झाला. वाढ ५८९ रुपये. मे महिन्यात त्याची बातमी आली तेव्हा आमच्याकडे सगळे खूश होते. ऑगस्टमध्ये खुल्या बाजाराची मर्यादा जवळपास तेवढीच खाली आली. दोन्ही निर्णय केंद्राचेच. फरक इतकाच, की पहिल्याचा फायदा हमीभाव केंद्रावर गेलात तरच मिळतो आणि दुसऱ्याचा परिणाम घरबसल्या होतो.

पण दुसरी बाजूही आहे

माझा एक शाळेतला मित्र हिंगणघाटला सूतगिरणीत कामाला आहे. मी त्याला हा हिशोब फोनवर सांगितला तेव्हा तो चिडला. म्हणाला, “तुह्या बापाचा भाव तुले दिसते. माह्या शिफ्टा कमी झाल्या तर तुले चालते का?”

त्याचं म्हणणं खोटं नाही. गिरणीला रुई महाग पडली, सूत महाग झालं, बाहेरची ऑर्डर गेली, तर सगळ्यात आधी रोजंदारीवाल्या पोरांना घरी बसवतात. आणि गिरण्याच बंद पडल्या तर आपला कापूस घेणार तरी कोण? त्यामुळे ‘ड्युटी चांगली’ किंवा ‘ड्युटी वाईट’ असं एका ओळीत सांगता येत नाही. प्रश्न असा उरतो, की अमेरिकेच्या शुल्काचा भार गिरणी, सरकार आणि कास्तकार यांच्यात कसा वाटायचा. माफीमुळे त्यातला एक वाटा कास्तकाराकडे सरकला, आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

तसंही आपल्या भागासाठी ही गोष्ट नवी नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडची रुई इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. तेव्हाच्या कास्तकाराला बातमी कळायला कित्येक आठवडे लागत. आपल्याला ती त्याच रात्री मिळू शकते. अट एकच, फॉरवर्ड बाजूला ठेवून मूळ कागद उघडायचा.

अधिसूचना मोबाइलवर कुठे मिळते?

तीन जागा सांगतो. तिन्ही सरकारी आहेत, फुकट आहेत, लॉगिन लागत नाही.

१. सीबीआयसीचं टॅक्स इन्फर्मेशन पोर्टल. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाची ही साइट आहे. त्यात कस्टम्स निवडा, मग नोटिफिकेशन्स, मग टॅरिफ, मग साल. सगळ्यात नवी अधिसूचना वर असते. ‘नॉन-टॅरिफ’ असा वेगळा विभाग दिसेल, ड्युटीचे दर त्यात शोधू नका.

२. ई-गॅझेट. भारताचं राजपत्र. इथे पीडीएफमध्ये आधी हिंदी आणि मग इंग्रजी मजकूर असतो. इंग्रजीचा धसका असेल तर हिंदी वाचा, लिपी आपलीच आहे. ‘सीमाशुल्क’, ‘छूट’, ‘अधिसूचना’ हे शब्द सहज कळतात.

३. पीआयबी. सरकारचं प्रसिद्धिपत्रक. भाषा सोपी असते आणि बरंचसं मराठीतही मिळतं. पण हे कारण सांगण्यासाठी असतं. नियम काय आहे ते अधिसूचनेतच पाहायचं.

ब्राउझरमध्ये पेज नीट दिसत नसेल तर क्रोमच्या मेन्यूत ‘डेस्कटॉप साइट’ वर टिक करा. सरकारी साइटसाठी ही ट्रिक नव्वद टक्के वेळा कामी येते.

वाचताना पाच प्रश्न विचारा

अख्खी अधिसूचना समजलीच पाहिजे असं नाही. मी फक्त या पाच गोष्टी शोधतो:

१. नंबर आणि तारीख काय? फॉरवर्डमध्ये अधिसूचनेचा नंबर नसेल तर तो मेसेज बातमी म्हणून धरू नका.

२. कोणत्या मालाबद्दल? इथे एचएस कोड असतो. ५२०१ म्हणजे रुई. सूत, कापड, सरकी यांचे नंबर वेगळे. ‘कापूस’ हा शब्द वाचून थांबलो म्हणून मी फसलो.

३. कोण भरत होतं? आयात ड्युटी आयात करणारा भरतो. तीच माफ झाली, तर पहिला फायदा त्याचाच.

४. कोणती ड्युटी? कधी मूळ ड्युटी जाते आणि अधिभार राहतो. या वेळी दोन्ही गेल्या, म्हणून ११ चे थेट शून्य झाले.

५. कधीपासून कधीपर्यंत? ही ओळ बहुतेक शेवटी असते आणि सगळ्यात कामाची असते. बंदरात माल सोडवण्याचे कागद ज्या दिवशी दाखल होतात, साधारण त्या दिवशीचा दर लागतो. म्हणून मुदत संपायच्या आधी जहाजांची घाई होते. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि आठवडाभर आधीचं रिमाइंडर लावा. मुदत वाढली का, हे त्या आठवड्यातच कळतं.

अमेरिकेकडचं काय? ज्या कायद्याखाली ते शुल्क लावलं, तो कायदा एवढा अधिकार देतो का, यावर ५ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. हे लिहिताना निकाल यायचा होता. अशा निकालाची बातमी वाचताना मालाचं नाव, दर आणि तारीख हेच तिथेही पाहायचं.

आता आपल्या हातात काय? हमीभाव

वरची मर्यादा जगाच्या बाजारावर ठरते, पण खालचा आधार हमीभावाचा आहे. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, प्रतीत बसणारा कापूस हमीभावाने घेतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये खासगी भाव आठ हजारांच्या बरेच खाली होते, म्हणून त्या हंगामात हे केंद्र चुकवणं परवडणारं नव्हतं.

त्यासाठी फोनवर दोन कामं असतात. आणि इथेच माझी दुसरी चूक झाली.

पहिलं काम: ई-पीक पाहणी. सातबाऱ्यावर यंदा कोणतं पीक आहे हे आपणच ॲपमधून नोंदवायचं, वावरात उभं राहून फोटोसकट. आमच्या पऱ्हाटीत तुरीची तासं आहेत. मी शेवटच्या दिवसांत घाईत नोंद केली. मिश्र पीक निवडायच्या ऐवजी एका तुकड्यात नुसती तूर टाकली. वावर १.६० हेक्टर, पण सातबाऱ्यावर कापूस दिसला १ हेक्टर. नोंद केल्यावर ४८ तासांत ॲपमध्येच दुरुस्ती करता येते. मी ती उघडून पाहिलीच नाही.

दुसरं काम: कपास किसान ॲप. सीसीआयने २०२५-२६ च्या हंगामासाठी हे ॲप आणलं. मोबाइल नंबर, आधार, जमिनीची माहिती आणि सातबारा लागतो. माहितीची पडताळणी झाली की केंद्र आणि दिवस निवडून स्लॉट बुक करायचा आणि त्या दिवशी कापूस न्यायचा. त्या हंगामात नोंदणीची मुदत आधी ३० सप्टेंबर होती, नंतर वाढवली. सध्याची तारीख ॲपमध्येच पाहा, माझ्या किंवा कोणाच्याही मेसेजवर जाऊ नका.

किती कापूस घेतील हे सातबाऱ्यावरच्या कापसाच्या क्षेत्रावरून ठरतं. आमच्या कागदावर १ हेक्टर होतं, तेवढ्याचाच कापूस केंद्रावर गेला. उरलेला ८ क्विंटल बाबांनी एका खासगी व्यापाऱ्याला ६,९०० ने दिला. केंद्रावर आमच्या कापसात १० टक्के ओलावा निघाला होता. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यावर १२ पर्यंत दर टक्क्याला १ टक्का कटती, १२ च्या वर घेत नाहीत. म्हणजे ८,११० मधून २ टक्के गेले तर ७,९४७ रुपये ८० पैसे. फरक क्विंटलमागे १,०४७ रुपये ८० पैसे. आठ क्विंटलचे झाले ८,३८२ रुपये.

एका चुकीच्या टॅपचे आठ हजार. बाबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “पुढच्या साली मले संग घेऊन कर. तास कोणतं, हे मले माहीत आहे, तुह्या फोनले नाही.”

खरंय. म्हणून माझा पहिला सल्ला हाच: ही नोंद घरच्या माणसाला सोबत घेऊन वावरातच करा आणि दुसऱ्या दिवशी ॲपमधली नोंद पुन्हा उघडून पाहा.

स्लॉटच्या दिवशी निघण्याआधी

- कापूस दोन दिवस उन्हात पसरून वाळवा. रात्री झाका. दव पडलेला कापूस सकाळी भरून नेला तर कटती ठरलेली.
- आधारशी जोडलेलं बँक खातं चालू आहे का ते पाहा. पैसे थेट त्याच खात्यात येतात. जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर चुकारा अडकतो.
- स्लॉटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. केंद्रावर नेटवर्क मिळेलच असं नाही.
- जमीन आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारस नोंदीचं काम आत्ताच तलाठ्याकडे सुरू करा. हंगामात ते होत नाही.

फसवणुकीपासून सावध

आमच्या दुकानात या महिन्यात चार जण असे आले, की ज्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल टाकलेली होती. नाव ‘कपास नोंदणी’ वगैरे. अशी फाइल एसएमएस वाचते, ओटीपी पळवते आणि खातं साफ होतं. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरवरून घ्या आणि खाली बनवणाऱ्याचं नाव पाहा. नोंदणी करून देतो म्हणून कोणी ओटीपी मागितला तर समोर बसून स्वतः टाका, फोनवर सांगू नका. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला कापूस किंवा आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचा कापूस विकायला देऊ नका. पैसे आणि कागद दोन्ही अडकतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ड्युटी पुन्हा लागली की भाव लगेच वाढतो का?*
लगेच नाही. मुदतीत आलेला माल गिरण्यांच्या गोदामात असतो. तो संपेपर्यंत परिणाम हळूहळू दिसतो.

*मग कापूस थांबवून ठेवावा का?*
हे मी सांगू शकत नाही. घरची गरज, साठवायची जागा, उंदीर, ओलावा, कर्जाचं व्याज हे सगळं बघून घरानेच ठरवायचं. फक्त ‘भाव वाढणार’ अशा फॉरवर्डवर थांबू नका.

*हमीभाव केंद्रावर कोणताही कापूस घेतात का?*
नाही. धाग्याची लांबी, ओलावा, कचरा पाहतात. भिजून पिवळा पडलेला कापूस परत येऊ शकतो. पहिल्या वेच्याचा आणि भिजलेला कापूस एकत्र भरू नका, चांगल्याचाही भाव जातो.

*हे फक्त कापसालाच लागू आहे का?*
नाही. तूर, सोयाबीन तेल, हरभरा यांचीही आयात ड्युटी अशाच अधिसूचनांनी वर-खाली होते. वरचे पाच प्रश्न तिथेही चालतात.

शेवटी

त्या रात्री अधिसूचना वाचून झाल्यावर मी ग्रुपवर लिहिलं: ‘हा कर आपल्याले नाही, बाहेरच्या रुईले माफ झाला. भाव वाढायचं कारण नाही, दबू शकते. हमीभावाची नोंदणी करून ठेवा.’ त्याला तीनच अंगठे आले. पण दुसऱ्या दिवशी दुकानात सहा जण नोंदणीचं विचारायला आले. त्यातले पाच आता हमीभावाने कापूस देऊन आले आहेत. सहाव्याचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, त्याचं काम तलाठ्याकडे सुरू आहे.

३१ डिसेंबर २०२५ चं रिमाइंडर माझ्या फोनमध्ये लागलेलं होतं. बाबांनी तेवढ्यासाठी २४ तारखेला आठवण करायला सांगितली होती. तुमच्या घरी पऱ्हाटी असेल तर तुम्हीही अशा मुदतीचं रिमाइंडर लावा, आणि हा लेख घरच्यांना एकदा वाचून दाखवा.